फ्रिगाच्या खांद्यावरचे शेवाळ

"दही!" आमचा मालक डेरिक सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "मूर्तीला ताजं दही फासायचं आणि सावलीत ठेवून द्यायची. एक हिवाळा गेला, की तीनशे वर्षांची दिसते."

बागेत जमलेले पाहुणे हसले. आमच्या मूर्तींच्या कारखान्यात ओतलेली फ्रिगा, सॅक्सन लोकांची शुक्रवारची देवी, हिरव्या खांद्यांनी उभी होती. सातही वारांचे जुने दगडी देव या बागेतून कधीच विकले गेले होते. आता त्यांच्या नकला एकेक करून परत येत होत्या.

"ही आमच्या क्लेमची करामत," मालकाने माझ्या पाठीवर थाप मारली. "त्या दिवशी कारखान्यातलं दही संपलं, तर गड्याने घरून आणलं. बकरीच्या दुधाचं! शेवाळाला तेच मानवलं बघा."

मर्टल हसली नाही. मर्टल माझी थोरली मेहुणी. बकऱ्या तिच्याच. शेवटी शेवटी एव्हिसच्या, माझ्या बायकोच्या, घशाखाली फक्त तिने लावलेले दही उतरत असे.

डेरिक पाहुण्यांना घेऊन पुढे गेला.

"कुठलं दही, क्लेम?"

"तू शेवटचं आणलेलं."

"ते तर तिने खाल्लं. दफनाच्या दिवशी विचारलं होतं मी तुला."

"हो म्हणालो होतो."

"चाटूनपुसून खाल्लं म्हणालास, मेल्या! तेवढ्यावर झोप लागायची मला."

"ती झोपली होती, मर्टल. थंडी पडायच्या आत फासायला हवं होतं. म्हटलं, संध्याकाळी तुझ्याकडून दुसरं आणू."

"आणि उठल्यावर?"

अजूनही खोटे बोलता आले असते.

"मागितलं तिने. मी म्हटलं, संपलं. तर म्हणाली, मर्टलला सांगू नकोस, उगाच धावत येईल."

संध्याकाळपर्यंत एव्हिस राहिली नाही. ते मर्टलला ठाऊकच होते.

तिने हातमोजा काढला. फ्रिगाच्या खांद्यावरून बोट फिरवले. शेवाळ मऊ होते, दाट होते.

"चांगलं धरलंय," ती म्हणाली आणि हातमोजा पुन्हा घातला.

येताना चढावरच्या ओल्या गवतावर पाय घसरतो म्हणून ती माझा दंड धरून चढली होती. जाताना एकटीच निघाली, काठी रोवत, तिरके पाय टाकत. मी तिच्या मागोमाग उतरलो, दोन्ही हात पुढे धरून. तिने मागे वळून पाहिले नाही.