व्हिएन्नाच्या फलाटावर मी खटका सोडला

मित्रांनो, मी चामड्याची एक जुनी सूटकेस आहे आणि मी सूड घेतला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला माझी उगाच दया यायला नको.

बर्नो शहरातल्या एका कारागिराने मला बोझेनाच्या लग्नासाठी शिवले. कोपऱ्यांना पितळ, आत निळे अस्तर. बोझेना मला हौसेने मेण चोळायची आणि शेजारणी मला हात लावून बघायच्या. ती वारली आणि मी तिच्या धाकट्या मुलीकडे, झ्देंकाकडे आले. झ्देंका विधवा होती. शिवणकाम करून ती आपल्या मुलीला, यित्काला वाढवत होती.

बोझेनाचा लाल खड्यांचा ब्रोच मात्र तिच्या अंत्यविधीच्या दिवशीच नाहीसा झाला. थोरल्या व्लास्ताचा नवरा ओताकार सगळ्यांदेखत म्हणाला, "शेवटी घरात कोण होतं? झ्देंकाच ना?" व्लास्ता नवऱ्यामागोमाग निघून गेली. बहिणी-बहिणींत अबोला पडला.

पुढे कम्युनिस्ट राजवट गेली आणि देशाच्या सरहद्दी मोकळ्या झाल्या. समेट व्हावा म्हणून व्लास्ताने सगळ्यांची व्हेनिसची सहल ठरवली. आगगाडीत पाऊल टाकताच ओताकारने मला बुटाने बाकाखाली ढकलले.

"हे मढं कुठून उकरलंस?"

"आईची आहे ती, भाऊजी."

"मग तिच्याबरोबरच पुरायची होतीस!"

पावात घातलेले तळलेले मांस खाऊन त्याने तेलकट बोटे माझ्याच अंगाला पुसली. मी सारे मनात ठेवले.

सरहद्द जवळ आली तशा बायका यित्काला घेऊन डब्याच्या बोळात खिडकीशी उभ्या राहिल्या. ओताकारने मला घाईघाईने उघडले, चाकूने माझे अस्तर फाडले आणि रुमालात गुंडाळलेले काहीतरी आत खुपसले. ते वजन मी ओळखले. बोझेनाचा ब्रोच! कस्टमवाल्यांना सापडला तर दागिना चोरून नेल्याबद्दल झ्देंका अडकणार, नाही सापडला तर हा व्हिएन्नात विकणार.

कस्टमचा माणूस आला. "ही कोणाची?"

"माझी," झ्देंका म्हणाली.

"हो, हो, तिचीच," ओताकार लगेच म्हणाला. "आमचा काही संबंध नाही."

त्या माणसाचा हात अस्तरावरून फिरला. मी श्वास रोखून अस्तर घट्ट धरले. माझा राग मला कितीही प्यारा असला, तरी त्यापायी झ्देंकाला तुरुंगात कशी पाठवू?

व्हिएन्नाला गाडी बदलायची होती. ओताकारने मला उचलले.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" व्लास्ता हसली.

"तुम्ही व्हा पुढे. मी जरा मोरीकडे जाऊन आलोच."

"बॅग घेऊन?" यित्काने विचारले.

तोच मी अस्तर ढिले केले आणि खटका सोडला. झ्देंकाचे परकर, यित्काचा पोहण्याचा पोशाख आणि ती पुरचुंडी, सगळे फलाटावर पसरले. पुरचुंडी यित्काने उचलली. ब्रोच चमकला.

"बघा!" ओताकार ओरडला. "हिच्याच बॅगेत निघाला!"

व्लास्ता रुमाल उलटसुलट करून पाहत होती. "आणि हा? तुझ्या नावाचं अक्षर मी स्वतः भरलंय याच्यावर. हाही हिने तुझ्या खिशातून चोरला का?"

"अगं, ऐक तरी..."

"पुरे." तिने ब्रोच झ्देंकाच्या कोटाला लावला. "मला मार हवं तर."

"मारीन, ताई. व्हेनिसला पोचल्यावर. आता चल, गाडी सुटेल."

"आणि माझं तिकीट?" ओताकारने विचारले.

व्लास्ताने आपल्या पर्समधले त्याचे तिकीट काढून टराटरा फाडले. "बर्नोची गाडी त्या फलाटावर लागते."

आमची गाडी हलली. तो खिडकीबरोबर धावत होता. "व्लास्ता, लोक काय म्हणतील!" मी वरच्या फळीवर आरामात पडून त्याला मागे मागे राहताना पाहिले. असा आनंद मला बोझेनाच्या मेणानेही दिला नव्हता.

मित्रांनो, घरातल्या मुक्या वस्तूंना लाथाडू नका. त्या सगळे ऐकतात. ओताकार आता म्हातारा झाला आहे. परवा तो झ्देंकाच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला. तिने त्याला आत घेतले, सूप वाढले. निघाल्यावर मला ओलांडताना तो अडखळला आणि चांगलाच आपटला.

झ्देंकाने त्याला माफ केले आहे. मी वाटेतच पडून असते.