उजव्या हाताचा लेप

कुंभाराचा उजवा हात एका झटक्यात लुळा पडला, तेव्हा आळीत सगळ्यांत बोलकी म्हणून नावाजलेली कुंभारीणही काही दिवस मुकी झाली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकवू नका, व्यायाम करा. मातीने काही होणार नाही."

"पण लावली तर काही बिघडेल का?" तिने विचारलं.

"बिघडायचं तर नाही."

झालं! पडत्या फळाची आज्ञा. चटका बसो, गांधीलमाशी चावो, डोकं चढो, या घरात आधी माती थापायची आणि मग ओरडायचं, अशीच रीत होती. मग हातानेच काय घोडं मारलं होतं?

रोज सकाळी ती माती फडक्यातून गाळायची, कोमट पाण्यात लोण्यासारखी मळायची आणि नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन कोपरापासून बोटांपर्यंत लेप द्यायची. तो वाळेपर्यंत तिथेच बसून बोलायची. कुणाचं छप्पर गळतंय, कुणाची सून रुसून माहेरी गेलीय. तो डोळे मिटून ऐकायचा.

"काही कळतंय का हो?"

"अंगठ्यापाशी मुंग्या आल्यासारखं होतंय."

मुंग्या हळूहळू मनगटापर्यंत चढल्या. मग करंगळीला गारवा कळू लागला. कुंभारणीला आभाळ ठेंगणं झालं.

एकदा पुतण्या आला. "काकू, माझं चाक मोडलंय. काकांचं नुसतं पडून आहे. नेऊ का?"

"पडून नाही, थांबलंय," ती म्हणाली. "त्यांच्या हाताला जाग येतेय. घोडामैदान जवळच आहे, बघशील!"

पुतण्या हिरमुसून गेला. कुंभार भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याला झोप लागली असेल, असं तिला वाटलं.

गाळायचं फडकं विरलं होतं, ते तिच्या ध्यानात आलं नाही. खापराचा एक टोकदार तुकडा मातीत राहिला. दुसऱ्या कुणाच्या हाताला तो टोचला असता, पण जन्मभर भट्टीतली गरम मडकी काढून तिच्या तळव्यांना घट्टे पडलेले. त्या दिवशी तिने लेप चांगला जोर लावून चोळला.

"आज छान कळतंय," तो म्हणाला. "तुझी बोटं मोजून दाखवू?"

"पुरे झाला चावटपणा," ती हसली.

बाकीचा लेप वाळून भेगाळला, तळव्यावरचा मात्र ओलाच राहिला. तिने पाणी घातलं, तर घमेल्यातलं पाणी लाल झालं. खापर मांसात रुतून बसलं होतं.

"अहो, हे लागलं कसं नाही तुम्हाला?"

तो रक्ताकडे बघत राहिला. ते त्यालाही आत्ताच दिसत होतं.

"आणि त्या मुंग्या?"

"नव्हत्या."

"कधीच?"

"कधीच नाही गं. पहिल्यांदा आपलं उगीच बोललो. तू इतकी हरखलीस की मग नाही म्हणवेना."

"मला वेड्यात काढलंत! पुतण्याला मी दारातून परत पाठवला, तेव्हा तरी बोलायचंत!" ती रागाने बोलत होती, पण पट्टी मात्र हलक्या हाताने बांधत होती. बांधून झाल्यावर ती भिंतीला टेकून मोठ्याने रडली. हात गेला होता. तो कधीच गेला होता, आणि ती एवढे दिवस गेलेल्याची सेवा करत बसली होती.

दुपारी ती स्वतः पुतण्याकडे गेली. त्याने हातगाडी आणून चाक नेलं. चाक फिरतं त्या खुंट्याला तेल घालत जा, एवढं तिने घरातूनच सांगितलं. बाहेर काही ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माती भिजवली नाही. तिने केर काढला, चूल पेटवली, भांडी घासली. आळीतल्या कुणाबद्दलही ती काही बोलली नाही. कुंभार ओट्यावर बाही वर करून बसला होता.

"माती कुठाय?"

"कशाला आता?"

त्याने डावा हात पुढे केला. "याला लाव."

"याला काय झालंय?"

"काही नाही. याला कळतं."

ती आत गेली. मग मूठभर माती भिजवून आणली, खाली बसली आणि तो धडधाकट हात मांडीवर घेतला.

"गार आहे," तो म्हणाला.

हे खरं होतं, आणि तिला रडू आवरेना.