मागची बाजू

किडनीचं काम निम्म्यावर आलंय, मीठ कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. निवृत्त मुद्रितशोधकांनी ते कमी न करता बदललं. ‘कमी सोडियम’ असं लिहिलेला मिठाचा डबा आणला आणि महिनाभर काकडीपासून सूपपर्यंत सगळ्यावर ते सढळ हाताने भुरभुरलं. साधं मीठ खाणाऱ्या बायकोची त्यांना कीव येई आणि तसं ते रोज जेवताना बोलूनही दाखवत.

महिन्याने रक्ताचा रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, “पोटॅशियम एवढं कसं वाढलं? हृदयाचे ठोके बिघडतात याने. खाता काय हल्ली?”

मुद्रितशोधकांनी पिशवीतून डबा काढून ऐटीत टेबलावर ठेवला. “बाकीच्या पेशंटना दाखवायला आणलाय.”

बाईंनी डबा फिरवला. “काका, मागचं वाचलंत? सोडियम कमी करून पोटॅशियम घातलंय यात, आणि तुमच्या किडनीला ते बाहेर टाकणं जमत नाही. तुम्ही याला हातसुद्धा लावायचा नाही.”

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाने चष्मा पुसून ते बारीक अक्षर दोनदा वाचलं. दुर्दैवाने त्यात एकही चूक नव्हती.

“मग चवीला?”

“लिंबू, लसूण, मिरपूड. पण आधी डॉक्टरांकडे जा, आत्ताच्या आत्ता.”

“बाई,” शेजारी बसलेली बायको म्हणाली, “यांनी दिवसाला किती बोलायचं, तेही लिहून द्या की.”

डॉक्टरांच्या दारापर्यंत मुद्रितशोधक एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हा मात्र बायको घाबरली आणि तिने त्यांचा हात धरला.