सुनेची साक्ष

चेतनाने चहात मुद्दामच साखर घातली नव्हती. पास्टर शिशिर साळवे तो मुकाट्याने प्यायले. तिच्या सासूबाईंना, कमलाबाईंना, रविवारी बाप्तिस्मा द्यायचा की नाही हे ठरवायला ते आज तेलीबांधा वस्तीतल्या त्यांच्या घरी आले होते.

घर बौद्धांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. रेल्वेतून निवृत्त झालेले सासरे गेले आणि पुढे वर्षभरात या बाईने चर्चची वाट धरली. विहारातल्या बायका चेतनाला तोंडावर विचारत, तुमच्या घरात हे काय चाललंय म्हणून. तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

पास्टरांनी विश्वासाचे प्रश्न विचारले, तशा कमलाबाई भांबावल्या. पापांची क्षमा कशी मिळते, यावर 'येशूमुळे' एवढंच म्हणाल्या. आयुष्यात काय बदललं? तर म्हणे, काही खास नाही. चेतनाला हायसं वाटलं. सासूबाईंना तिने मनातल्या मनात नापासही करून टाकलं.

पण पास्टर तिच्याकडे वळले. त्यांची एक रीतच होती: घरात ज्याला हा बाप्तिस्मा सगळ्यांत नकोसा असेल, त्याला शेवटचं विचारायचं.

"चेतनाताई, तुमाले काही फरक दिसून राहिला का? नसन तर आपण थांबू."

एक 'नाही' म्हटलं की काम फत्ते होतं. कमलाबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

आतल्या खोलीत चेतनाची आई पडून होती. लग्नातल्या मानपानावरून या दोघी विहिणी वर्षानुवर्षं एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. सासूबाई चर्चला जाऊ लागल्यावर नागपुरात आईचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हा तिला इकडे आणा म्हणणाऱ्या कमलाबाईच. तिचं सगळं त्याच करत, दार लोटून, तिची लाज राखून. आणि आज त्यातलं अवाक्षर काढलं नव्हतं बाईने! चेतनाला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

"मले हे पटत नाही, पास्टर. कधी पटणारही नाही," ती म्हणाली. "पण खोटं कशी बोलू? माझ्या मायचं हगणंमुतणं ह्या काढतात. पहिले तिचं नाव घेतलं तरी जेवणाचं ताट सरकवत होत्या."

कमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"चर्चमध्ये ज्या टाकीत बुडवून बाप्तिस्मा देता, तिले पायऱ्या आहेत काय?" चेतनाने विचारलं.

आहेत, पास्टर म्हणाले.

"यांचे गुडघे दुखतात. हात धराले मी येईन."