चढावर पडणारा काटा

तेजस्वीच्या जीपला मीटर बसवायचं ठरलं ते आबांच्या तोंडामुळं. आबा म्हणजे तिचे वडील, ज्ञानू, शिरोळकडचे ऊसवाले शेतकरी. शेतात साखर पिकवणारा माणूस, पण जिभेवर एक दाणा नाही. दिवाळीनंतरच्या शर्यतीत पोरीच्या जीपचा पिस्टन जळाला, तेव्हा भर मैदानात चार माणसांसमोर त्यांनी निकाल देऊन टाकला, "पाय जड हाय तिचा. जीव जाईस्तोर दाबती. पुन्यांदा इंजन जाळलं तर हे डबडं दारात ठेवणार न्हाय, भंगारात घालीन." आणि आबा एकदा बोलले की ब्रह्मदेव आला तरी ते फिरत नसतं.

त्या डबड्यात तेजस्वीचा जीव अडकलेला होता. मामाच्या गोठ्यात सडत पडलेली जुनी जीप तिनं ओढून आणली, नोकरी सांभाळून उभी केली, पेट्रोल इंजिन घातलं, वर टर्बो चढवला. टर्बो म्हणजे इंजिनला जबरदस्तीनं जादा हवा भरवणारा पंखा. हवा जादा गेली की पेट्रोलही जादा लागतं, आणि ते कमी पडलं की आत नुसता जाळ. आता पिस्टन पेट्रोल कमी पडून जळाला की खरंच आपला पाय जड, हेच तिला कळेना झालं होतं. हाच पाय पावसाळ्याआधीही होता की! तेव्हा असले चढ तिनं हसत मारले होते.

मधे महापूर येऊन गेला, पण त्यानं जीपचं फार काही वाकडं केलं नव्हतं. तेजस्वी तेव्हा कोल्हापुरात अडकलेली, रस्ते बंद. पाणी उतरल्यावर घरी पोचली, गाळात बसलेली जीप धुऊन काढली, तर टाकीत थेंबभर पाणी नाही. शेजारी उभ्या घरच्या ट्रॅक्टरची टाकी मात्र पुरानं भरलेली. त्याचा पंप गेला आणि आबा हंगामभर करवादत राहिले. जीप वाचली ही अंबाबाईची कृपा, असं आई म्हणाली, आणि तेजस्वीनंही तेच धरलं.

आता रविवारी शाहूवाडीच्या डोंगरात चढाची शर्यत होती. त्याआधी पेट्रोलचा दाब डोळ्यांनी बघायचा म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गुरुप्रसादच्या गॅरेजात काम काढलं. गुरुप्रसाद तिचा कॉलेजातला दोस्त, हात सोन्याचा आणि तोंड अखंड चालू. दोघांनी बॅटरीची वायर सोडली, नळीतला दाब उतरवला, खाली चिंधी धरली आणि इंजिनला पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर मीटर जोडलं. मीटर ठेवलं मात्र काचेच्या बाहेर, वायपरपाशी.

"आत डॅशबोर्डवर लई भारी दिसलं असतं," गुरुप्रसाद म्हणाला.

"आणि पेट्रोलची नळी मांडीवर घिऊन बसू व्हय? गळली तर जाळ आणि धूर संगटच."

इंजिन चालू केलं, काटा चाळीसवर. रस्त्यावर एक फेरी मारली. टर्बोनं जोर धरला की काटाही त्याच्या बरोबरीनं वर जायला पाहिजे, तर गेला. गुरुप्रसादनं मीटरला कुंकू लावलं, नारळ फोडला, खोबरं खाल्लं. सगळं कसं झकास.

मग जीप पन्हाळ्याच्या रस्त्याला घातली. वाघबीळचा चढ निम्मा झाला आणि काटा पडायला लागला. चाळीस, पस्तीस, तीस. तेजस्वीनं पाय उचलला म्हणून इंजिन वाचलं. खाली येऊन पेट्रोल गाळायची जाळी बदलली, पेट्रोल भरलं, पुन्हा बघितलं तर काटा शहाण्यासारखा चाळीसवर. पुन्हा चढ, पुन्हा घसरगुंडी. गुरुप्रसादनं पंप बदलला. वायर बदलल्या. शेवटी मीटरच खोटं म्हणून दुसरं आणून लावलं, तर तेही त्याच चढाला तेच सांगायला लागलं. दोन मीटरं मिळून एकच खोटं बोलतील का?

त्यात आणखी एक चक्रावणारी गोष्ट. चढावर पेट्रोल मागं जात असेल म्हणून तिनं टाकी तोंडापर्यंत भरली, तर काटा आणखी आधी पडला! निम्म्या टाकीवर दम धरणारी जीप भरल्या टाकीवर माना टाकते, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? पोटभर जेवलेला माणूस भुकेनं चक्कर येऊन पडावा तसलं काहीतरी. डोक्याचा पार भुगा झाला तिच्या.

"तेजू, बाहेरचं काय असंल का गं?" गुरुप्रसादनं हळूच विचारलं. "लिंबू उतरून टाकूया?"

"गुऱ्या, तुलाच उतरून टाकीन."

शनिवारी आबा गॅरेजात हजर. "बघू दे मला तुझं ते घड्याळ," म्हणाले आणि पुढच्या सीटवर ठाण मांडून बसले. काटा आज पडला तर उद्या शर्यत नाही, आणि शर्यतीत जळालं तर जीपच नाही. पण नको म्हणायचं कुणाला? आबांना?

वाघबीळला काटा पडायला लागला. आबांनी मांडीवर थाप मारली, "आला का पाय आडवा! मी म्हणतच हुतो."

"पाय उचललाय आबा! खाली बघा की जरा!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की तिची तिलाच लाज वाटली.

आबांनी वाकून बघितलं. पाय निम्मा वर होता आणि काटा तरीही खालीच निघालेला. त्यांनी काट्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं, पुन्हा काट्याकडं. तिनं जीप कडेला घेतली, इंजिन तसंच चालू ठेवलं.

"टाकीत हाय का तरी काय?" आबा उतरत म्हणाले. "पंपावाल्यानं मापात मारलं असंल." मागं जाऊन त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. सुर्रर्र करून मोठा आवाज झाला आणि आबा दचकून मागं सरले. "आयला! ही तर आत वारं वडाय लागली की!"

तेजस्वीचं लक्ष मीटरवर होतं. आवाज झाला आणि काटा टुण्णकन चाळीसवर जाऊन बसला.

ती बघतच राहिली. बाटली तोंडाला लावून चोखत राहिलं की बाटली आत दबते आणि पाणी यायचं थांबतं. टाकीचं तेच झालं होतं. पेट्रोल बाहेर जात होतं आणि त्याच्या जागी हवा आत येत नव्हती. भरल्या टाकीत हवा मुळातच थोडी, म्हणून तिथं दम लवकर कोंडायचा. आणि दरवेळी पेट्रोल भरायला झाकण काढलं की दुखणं आपोआप पळून जायचं. काखेत कळसा आणि उद्यमनगराला वळसा! सगळ्यांनी टाकीच्या पुढचं तपासलं, मागं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

ती जीपखाली शिरली. टाकीत हवा जायला मागच्या बाजूनं एक बारीक नळी असते. तिच्या टोकाला वाळल्या गाळाचा गोळा होता. तिनं तो फोडला. आत दुधाची पिशवी, आणि तिच्यावर ट्यूबची रबरी पट्टी करकचून बांधलेली, वर दुहेरी गाठ. वैरणीच्या पेंढीला घालतात ती गाठ. ती गाठ तिनं लहानपणापासून बघितली होती, एकाच माणसाच्या हातची.

नदी फुगली की त्यांच्या गावात भांडीकुंडी बांधायच्या आधी गाड्यांच्या टाक्यांची तोंडं आणि हवेच्या नळ्या बांधतात. पाणी ओसरलं की ज्यानं त्यानं आपापल्या गाठी सोडायच्या, अशी रीत.

पट्टी हातात घेऊन ती बाहेर आली. आबांनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मीच बांधलती," ते म्हणाले. "पूर उतरला आणि त्या ट्रॅक्टरच्या मढ्यात सोडायचं ध्यानातनंच गेलं."

"आणि दिवाळीपासनं माझा पाय जड!" तिचा आवाज फाटला. "चार लोकांत बोलला आबा तुम्ही! मी गाडी चालवताना दरवेळी पायाला शिव्या घालत हुतो. मला खरंच वाटाय लागलतं की मला चालवाय येत न्हाय."

रस्त्यावरनं उसाचा एक ट्रॅक्टर धडधडत गेला. त्याच्याकडं बघता बघता तेजस्वीच्या डोक्यात भलतंच काहीतरी आलं.

"आबा, मग ट्रॅक्टरची टाकी का न्हाय बांधली?"

"ऱ्हायली."

"शेजारीच उभा हुता की."

"मांडीएवढं पाणी आलतं, तेजे. एकाच गाडीचं हुणार हुतं." आबा वैतागून टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "ट्रॅक्टर काय, दुसरा मिळतुया. हे डबडं तू हातानं बनिवलंयस. पाण्यात बुडी मारून खालची नळी हुडकली मी. आता ती सोडायची ऱ्हायली, त्याला काय करू?"

तेजस्वीनं रबरी पट्टी खिशात घातली, झाकण लावलं, स्टेअरिंगवर बसली. आबाही मुकाट्यानं शेजारी येऊन बसले. तिनं जीप चढाला लावली. टर्बोनं शीळ घातली, पण समोरचं मीटर तिला धुरकट दिसत होतं.

"आबा, काटा बघा. मला दिसंना झालाय."

आबा काचेला नाक लावून बसले. "चाळीस. पंचेचाळीस. वरच चाललाय की गं!" चढ संपत आला तसे ते ओरडले, "दे पाय! आणखी दे!"