धाकट्याच्या फोनवरचा ओटीपी

दात करून देणं हा आमचा धंदा. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं स्कॅन पाठवतात आणि त्यावरून आमच्या लॅबमध्ये कॅपा नि कवळ्या तयार होतात. अर्ध्या शहराची तोंडं आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. घरातल्या दोन भावांनी मात्र एकमेकांचं तोंड न पाहण्याची शपथ घेतलेली.

भांडण जमिनीवरून किंवा पैशावरून झालं असतं तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. ते झालं सासऱ्यांच्या कवळीवरून. माझ्या नवऱ्यानं हातानं मेण कोरून एक केली, धाकट्या दिरानं स्कॅन करून मशीनवर दुसरी. सासऱ्यांनी दोन्हींचं तोंडभर कौतुक केलं. थोरल्याची घालून फोटो काढून घेतला आणि जेवायला बसले ते धाकट्याची घालून. तेवढ्यावरून शब्दाला शब्द वाढला. भाऊजी वेगळे झाले आणि पलीकडच्या चौकात त्यांनी स्वतःची लॅब टाकली. पुढे सासरे गेले तेव्हाही दोघे भाऊ शेजारीशेजारी उभे होते आणि बोलत होते माझ्यामार्फत. या लॅबमध्ये मला पगार नाही, पण पोस्टमनचा हुद्दा मात्र कायमचा मिळाला.

जाताना भाऊजी मागे ठेवून गेले तो क्लाउड बॅकअप. आमची सगळी स्कॅन रोज संध्याकाळी इंटरनेटवरून कुठल्यातरी लांबच्या कंपनीकडे जातात आणि तिथे जपून ठेवली जातात. यांना ते कधीच पटलं नव्हतं. आपला माल परक्याच्या माळ्यावर कशाला, असं यांचं म्हणणं. भाऊजी गेल्यावर यांनी ते बंद करायला घेतलं, तर स्क्रीनवर आलं की नोंदवलेल्या फोनवरचा ओटीपी टाका. नोंदवलेला फोन भाऊजींचा. बंद करायचं तर भावाला विचारायला हवं, आणि विचारण्यापेक्षा वर्षानुवर्षं वर्गणी भरणं यांना सोपं वाटलं. वर स्वतःची अक्कल म्हणून यांनी एक हार्ड डिस्क आणली आणि कॉम्प्युटरला कायमची जोडून ठेवली.

मग एका सकाळी ‘तुमचं पार्सल अडकलं आहे’ असा मेल आला. आम्ही कुठलंही पार्सल मागवलं नव्हतं, तरी यांनी तो उघडला. बघता बघता सगळ्या फायलींना कुलपं लागली आणि पडद्यावर एका चोरानं अतिशय नम्र भाषेत खंडणी मागितली. डिस्क जोडलेलीच होती, तिच्यावरच्या फायलीही गेल्या. दाराला कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवून ठेवावी, तसला यांचा बंदोबस्त.

कॉम्प्युटरवाला उगवला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. चोराच्या नादी लागू नका, त्याचं ऐकलं तरी फायली मिळतीलच असं नाही, असं त्यानं बजावलं. स्कॅन गेली तर डॉक्टरांना सगळ्या पेशंटना पुन्हा बोलवावं लागणार होतं. एकदा ते बोलवतील, पण पुढचं काम सरळ पलीकडच्या चौकात जाईल, हे यांना कळत होतं आणि मलाही. कॉम्प्युटरवाल्यानं तो नावडता क्लाउड उघडला. काल काही गेलं नव्हतं, पण परवापर्यंतचं सगळं शाबूत होतं. यांचा अबोला नसता तर यातलं काहीच राहिलं नसतं. हा असला बॅकअप कुठली कंपनी देत असेल असं मला वाटत नाही.

यांचा चेहरा खुलला. मग घे की उतरवून, असं हे म्हणाले आणि कॉम्प्युटरवाल्यानं ओटीपी मागितला. यांची दातखीळ बसली.

खरं सांगते, त्या क्षणी दोघांची टाळकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटलं. मग भीती वाटली. भाऊजींना फक्त गप्प बसायचं होतं. आमची गिऱ्हाइकं आपल्या पायांनी त्यांच्याकडे चालत गेली असती. मी नेहमीचा पोस्टमनपणा करायला स्पीकरवर फोन लावला, तर यांनी हात पुढे केला.

“दे इकडे.” मग फोनमध्ये, “ओटीपी आलाय का बघ.”

इतक्या वर्षांनी सख्ख्या भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. कसा आहेस नाही, काही नाही. भाऊजींनीही काही न विचारता आकडे सांगितले, सावकाश, दोनदा. कॉम्प्युटरवाल्यानं ते टाकले आणि फायली उतरायला लागल्या. काम झालं होतं, पण फोन ना यांनी ठेवला ना भाऊजींनी.

“काल मेसेज आला नाही,” भाऊजी म्हणाले. “तेव्हाच वाटलं, काहीतरी झालंय.”

कसला मेसेज, असं यांनी विचारलं. रोज संध्याकाळी बॅकअप पूर्ण झाला की कंपनी नोंदवलेल्या फोनवर तसं कळवते, हे आम्हाला तेव्हा समजलं. आमच्या लॅबची खुशाली इतकी वर्षं रोज भाऊजींना पोचत होती आणि तिला माझी गरजही नव्हती.

“मागे बरेच दिवस बंद होता,” ते म्हणाले.

तेव्हा यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. लॅबला टाळं होतं, आणि भाऊजींना कळवायचं नाही अशी मला ताकीद होती.

“रोज तुझ्या घराखाली येऊन चकरा मारायचो, दादा. एक दिवस तू खिडकीत उभा दिसलास, मग गेलो.”

माझे डोळे भरून आले, आणि त्याच डोळ्यांनी मी यांच्याकडे रागानं पाहिलं. हे खाली मान घालून कीबोर्ड पुसत होते. कॉम्प्युटरवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता तुमचाच नंबर टाकून देतो, म्हणजे परत कुणाच्या पाया पडायला नको, असं तो म्हणाला.

“तोच राहू दे,” हे म्हणाले. मग फोन तोंडाशी धरून, भांडायला उठल्यासारखा आवाज चढवून म्हणाले, “आणि परत मेसेज आला नाही तर खाली चकरा कसल्या मारतोस? वर येत जा.”