अर्ज, पोळपाट आणि एक आखूड पाय

मित्रांनो, मी पोळपाट. सागवानी, गोल, चार पायांचा, आणि आता चांगलाच जुना. आयुष्यात मला एकच गोष्ट नीट कळली, ती म्हणजे कणीक. बाकी जे घडलं त्याने मी गोंधळलो, तो आजवर गोंधळलेलाच आहे. तुम्ही शाळेत जाता. तुम्हाला काही उलगडलं तर बघा.

मेळघाटातल्या सागाचा मी. परतवाड्याच्या एका सुताराने मला घडवलं, पण एक पाय जरा आखूड राहिला. ललिताच्या रुखवतात मी तेल्हाऱ्याला तायड्यांच्या घरी आलो. तिथे रोज ज्वारीची भाकर. पाहुणा आला तरच मी खुंटीवरून उतरायचो. लाटताना माझा पाय टकटक वाजे. ललिताची सासू भागीरथाबाई म्हणायची, "लंगडा हाय तुहा पोळपाट, पर पोयी गोल देते." मला ते फार गोड वाटे.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात कापसाचा हंगाम संपला, सरकी काढायचं जिन बंद झालं आणि तिथे कामाला जाणारा ललिताचा नवरा सहदेव घरी बसला. त्यानेच बातमी आणली की परतवाड्याच्या कन्याशाळेला एक बाई पाहिजेत. ललिता लग्नाआधी सातवीची परीक्षा पास झालेली. घरात तेवढं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं.

दुपारी तिने मला खाली काढलं. मला वाटलं, पाहुणा आला. मी पिठाची वाट बघतोय, तर तिने माझ्यावर कागद पसरला. लेकीच्या, छोट्या वच्छलाच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवली, टाक दौतीत बुडवला आणि तशीच बसून राहिली.

"सुरुवात काय करू?" ती म्हणाली. "शाळेत तं फक्त वडलाले पत्र शिकवलं. तीर्थरूप बाबांस."

"जिनातले मुनीमजी लिवतात तसं लिव," सहदेव म्हणाला. "कृपासागर शेठजीसाहेब."

"पर शाळेचे अध्यक्ष शेठ हायेत का?"

"मले का मालूम? नसले तं खुशच होतील."

दारात बसलेले सासरे डोमाजी खाकरले. "अर्जाचं मले पुसा," ते म्हणाले. वस्तीला विहीर मिळावी म्हणून त्यांनी अर्जनविसाकडून कितीतरी अर्ज लिहून घेतले होते. "लिव. गरीबपरवर मायबाप सरकार, आपल्या पायाची धूळ..."

ललिता लिहू लागली. मी टकटक हलत होतो, अक्षरं वेडीवाकडी पडत होती. जिन बंद हाय, लेकरू लहान हाय, घर गळते, असं डोमाजी सांगत गेले.

"आन् मले शिकवता येते, हे कवा लिवू?"

"ते आखरीले. जागा उरली तं."

मित्रांनो, नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून या माणसाने रस्त्यात कुणापुढे मान वाकवली नव्हती. मग कागदात काय म्हणून वाकवत होता? मला काही समजेना.

ललिताने टाक ठेवला. "मामाजी, एक पुसू?"

"पूस."

"मायबाप लिवून विहीर भेटली का?"

चुलीपासून भागीरथाबाईच म्हणाली, "अर्जनविसाचं घर पक्कं झालं, बाप्पा. तेवढंच भेटलं."

डोमाजी उठले. त्यांनी तो कागद घेतला, दुमडून दुमडून लहानशी घडी केली, खाली बसून ती माझ्या आखूड पायाखाली सारली आणि मला हलवून पाहिलं.

"आता लिव," ते म्हणाले. "हालत नाई."

दुसरा कागद आला. वर कोपऱ्यात गाव आणि तारीख. डावीकडे 'मा. अध्यक्ष, कन्याशाळा समिती, परतवाडा, यांस'. खाली, कोणत्या जागेसाठी अर्ज. मग 'महाशय', आणि लगेच कामाचं: सातवी पास आहे, वाचन, हिशोब आणि शिवण शिकवू शकते, वस्तीतल्या मुलींना वाचायला शिकवलं आहे. गळक्या घराचं एक अक्षर नाही. शेवटी 'आपली विश्वासू' आणि पूर्ण नाव.

तिने वाचून दाखवलं. डोमाजी म्हणाले, "एवढंच? हात कुठी जोडले?"

"विश्वासू लिवलं न, मामाजी."

"पुरते का तेवढं?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. ललिताला तर मुळीच नाही. पोस्टमन गल्लीतून पुढे निघून गेला की ती भिंतीकडे तोंड करून वच्छलाला थोपटत राही. सहदेव म्हणे, "शेठजी लिवाले पायजे होतं." भागीरथाबाई त्याला लाकडं आणायला पिटाळी.

एके दिवशी पोस्टमन थांबला. ललिताने पाकीट घाईने फोडलं. मुलाखतीला बोलावलं होतं. ती वाचतच होती, तर डोमाजी म्हणाले, "आतलं राहू दे. वरचं वाच."

"सौ. ललिताबाई तायडे, यांस."

"पुन्हा वाच."

तिने वाचलं.

"यांस," ते हळूच म्हणाले. "आपल्याले?"

"आपल्यालेच, मामाजी."

त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. मुलाखतीचं बोलावणं आत, आणि म्हातारा पाकिटावरचा पत्ता ऐकतो. मला हे अजून कळलेलं नाही. भागीरथाबाई मात्र पदराने डोळे पुसत होती, आणि चूल तर तेव्हा विझलेली होती.

मुलाखत झाली आणि ललिता कन्याशाळेत बाई झाली. तिच्याबरोबर मी परतवाड्याला परत आलो. जायच्या आधी डोमाजींनी माझ्या पायाखालच्या घडीवर बारीक खिळा मारून दिला. वच्छला माझ्यावरच पाढे लिहायला शिकली. आता घरात टेबल आलं आहे, आणि मी पिठाच्या डब्यामागे उभा असतो. कधी कधी ओलाच ठेवतात. मग अंग फुगतं, चिरा पडतात.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या पोळपाटाला कोरडं करून ठेवा. कुणी त्याच्यावर लिहायला बसलं तर स्वयंपाकाची घाई करू नका. आणि मला स्वच्छ करताना खालची ती काळी पडलेली घडी उपटू नका. तिच्यात मायबाप सरकार आहे. ते माझ्या पायाखाली आल्यापासून मी हललेलो नाही.